वाचकांचे प्रश्न : शुगरची फाईल दातांच्या डॉक्टरलाही दाखवा

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज एक ओळ लिहून गेले होते की डायबिटीस असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी हिरड्या तपासून घ्या. त्यावर इतके मेसेज आले की यावेळचं पूर्ण सदर त्याच विषयाला देतेय. नावं छापत नाहीये, फक्त गाव ठेवलंय, आणि लांब पत्रं थोडी छोटी केलीत.

प्रश्न (सोलापूर) : डॉक्टर, माझं वय ५४, शुगर साधारण दहा वर्षांपासून, आत्ता तीन महिन्यांची शुगर ९.२ आली. वर्षभर झालं ब्रश करताना रक्त येतं, बेसिनमध्ये लाल थुंकी पडते म्हणून त्या बाजूला आता ब्रश लावतच नाही, बोटानेच पेस्ट फिरवतो. दुखत काहीच नाही. पण खालचे पुढचे दात लांब झाल्यासारखे दिसतायत आणि मध्ये फट पडलीय. मुलगी म्हणते शुगरमुळे आहे. शुगरच्या डॉक्टरांनी तर कधी तोंड उघडायला सांगितलं नाही. खरंच काही संबंध आहे का?

उत्तर : काका, मुलगी बरोबर बोलतेय. आणि संबंध एकाच बाजूचा नाहीये, वाढलेली शुगर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या शुगर खाली येऊ देत नाहीत, दोन्हीकडून चालू असतं.

आधी हिरडीत काय होतं ते बघा. दात आणि हिरडीच्या मध्ये एक बारीक खाच असते, निरोगी माणसात १ ते ३ मिलिमीटर खोल. तिथे जंतूंचा चिकट थर बसतो, तो रोजच्या रोज निघाला नाही की लाळेतल्या कॅल्शियममुळे कडक होतो, तेच कीटण, आणि एकदा कीटण झालं की ते ब्रशने निघत नाही कितीही घासा. मग हिरडी सुजते, रक्त येतं, खाच खोल होत जाते, ४ मिलिमीटर, ५, ६, कधी ७ च्या पुढे, याला आम्ही पॉकेट म्हणतो. इतक्या आत ब्रश पोचत नाही. तिथे दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं, हिरडी उतरते आणि मुळाचा भाग उघडा पडतो, म्हणून तुम्हाला दात लांब वाटतायत. दात वाढलेला नाही, त्याचा आधार कमी झालाय. फट पण त्याच्यामुळेच. लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो हाच आजार.

आता यात शुगर काय करते. रक्तात साखर सतत जास्त राहिली की ती शरीरातल्या प्रथिनांना चिकटते, त्यातून जे पदार्थ तयार होतात त्यांच्यामुळे हिरडीतली सूज भडकलेलीच राहते. हिरडीचे धागे ज्या कोलॅजेनचे असतात ते नीट दुरुस्त होत नाही, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्त पडतात. म्हणजे थर तेवढाच असला तरी शुगरवाल्या माणसाचं नुकसान जास्त आणि लवकर होतं. आता हिरडीच्या आजाराची जी वर्गवारी जगभर वापरतात त्यात एचबीए१सी (म्हणजे तीच तीन महिन्यांची शुगर) ७ किंवा त्याच्या वर असलेला पेशंट सरळ वेगाने वाढणाऱ्या गटात धरतात, तुमची ९.२ आहे म्हणजे तुम्ही त्यातच येता.

आणि उलट बाजू, जी लोकांना माहीतच नसते. पॉकेटच्या आतली कातडी सोललेली असते. आजार बऱ्याच दातांना असेल तर ही सगळी जखम मिळून साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते. एवढी उघडी जखम तुमच्या पायाला असती तर घरच्यांनी तुम्हाला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं की नाही? तोंडात आहे, दिसत नाही, दुखत नाही, म्हणून वर्षभर तशीच राहते. तिथून जंतू आणि सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात जात राहतात आणि त्यांच्यामुळे इन्सुलिनचं काम नीट होत नाही. मग गोळ्या चालू, पथ्य चालू, तरी रिपोर्ट हलत नाही.

हे काही काल परवा सापडलेलं नाही. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पिमा नावाचे आदिवासी लोक आहेत, त्यांच्यात टाइप २ डायबिटीसचं प्रमाण फार मोठं, १९६५ पासून तिथे त्यांचा अभ्यास चालू होता. त्यात दिसलं की डायबिटीसवाल्यांना हिरड्यांच्या आजाराचा धोका इतरांच्या जवळपास तिप्पट. आणि ज्यांची शुगर सुरुवातीला बऱ्यापैकी ताब्यात होती पण हिरड्या फार खराब होत्या, त्यांची शुगर पुढच्या दोनेक वर्षांत हाताबाहेर जायची शक्यता साधारण सहापट निघाली. १९९३ मध्ये हॅराल्ड लोए या मोठ्या दंतसंशोधकाने लिहिलं की डोळे, किडनी, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा या पाच गोष्टींनंतर हिरड्यांचा आजार हा डायबिटीसचा सहावा त्रास धरा. त्याला ३० वर्षं होऊन गेली तरी आपल्याकडे शुगरच्या तपासणीत पाय बघतात, डोळे बघायला पाठवतात, लघवी तपासतात आणि तोंड राहून जातं. मला याचं मनापासून वाईट वाटतं कारण यातले कितीतरी दात वाचले असते.

तुम्ही काय करायचं. पहिलं म्हणजे रक्त येतं म्हणून ब्रश बंद करू नका, रक्त ब्रशमुळे येत नाहीये, तिथे साचलेल्या थरामुळे येतंय आणि ब्रश लावला नाही तर ते वाढतच जाणार. मऊ ब्रश घ्या, तो हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे थोडा तिरका धरा, साधारण ४५ अंशात, आणि जागच्या जागी हलका हलवा, दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री झोपताना. ज्या दातांमध्ये फट पडलीय तिथे इंटरडेंटल ब्रश मिळतो, बाटली धुवायचा ब्रश असतो ना त्याचं बारीक रूप, मेडिकलमध्ये मिळतो, तो दिवसातून एकदा. दुसरं, या आठवड्यातच हिरड्यांच्या तज्ज्ञाची, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टची वेळ घ्या. जाताना शुगरची फाईल न्या, शेवटचे दोन तीन रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी. ते एका बारीक सळईने प्रत्येक दाताभोवती सहा जागी खोली मोजतील, एक्स-रे काढतील, आणि मग बहुतेक डीप क्लीनिंग करावं लागेल, म्हणजे हिरडीच्या आत मुळापर्यंत, भूल देऊन, दोन चार वेळा बोलावून. आणि ते जे लिहून देतील तो कागद शुगरच्या डॉक्टरांना नेऊन दाखवा. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलतील याची वाट बघू नका, तुम्हीच त्यांच्यातला दुवा व्हा.

प्रश्न (कोल्हापूर) : मॅडम, आईला (वय ६१, शुगर आहे) डेंटिस्टनी क्लीनिंग सांगितलंय पण ती अजिबात तयार नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी क्लीनिंग केलं आणि नंतर त्यांचे दात हलायला लागले, फटी पडल्या, थंड पाणी लागायला लागलं. आई म्हणते मशीनने दात खिळखिळे होतात. तिला कसं समजवू?

उत्तर : ताई, हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि काकूंना जे झालं ते खोटं नाहीये, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. वर्षानुवर्षं कीटण साचलं की ते दोन दातांच्या मधली जागा भरून टाकतं, हलणारे दात एकमेकांना चिकटवून ठेवतं. आत हाड गेलेलं असतं पण वरून सगळं घट्ट वाटतं. कीटण काढलं की खरी परिस्थिती बाहेर येते, सुजलेली हिरडी उतरते म्हणून फट दिसते, झाकलेलं मूळ उघडं पडतं म्हणून काही दिवस थंड लागतं. अल्ट्रासॉनिक मशीनचं टोक बारीक थरथरतं आणि वरून पाणी उडतं, त्याने कीटण सुटतं, दात सुटत नाही. आईला एवढंच सांगा की दात मशीनने हलला नाही, तो आधीच हलत होता आणि कीटणाने लपवलं होतं. थोडा हलणारा दात उपचारानंतर बऱ्याच वेळा घट्ट होतो पण हाड पूर्ण गेल्यावर मात्र कोणी काही करू शकत नाही, म्हणून उशीर नको. थंड लागणं दोन चार आठवड्यांत कमी होतं, तोपर्यंत सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट वापरायला द्या.

प्रश्न (पुणे) : माझी एचबीए१सी ८.१ आहे. हिरड्यांची पूर्ण ट्रीटमेंट करून घेतली तर शुगर किती खाली येईल, गोळ्या बंद होतील का? युट्यूबवर एक जण म्हणत होता की दात साफ केले की डायबिटीस रिव्हर्स होतो.

उत्तर : रिव्हर्स होत नाही, कृपया त्या भरवशावर एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. पण फायदा होतो आणि तो मोजलेला आहे. कोक्रेन नावाची संस्था जगभरचे प्रयोग एकत्र करून तपासते, त्यांच्या २०२२ च्या अहवालात ३५ प्रयोग आणि ३,२४९ पेशंट होते, हिरड्यांच्या उपचारानंतर तीन चार महिन्यांनी एचबीए१सी सरासरी ०.४३ ने उतरली आणि वर्षभराने सुमारे ०.५० ने. लंडनमध्ये २६४ जणांवर एक प्रयोग झाला, २०१८ मध्ये छापून आला, त्यात अगदी कसून उपचार केले, लागलं तिथे सर्जरीसुद्धा केली, वर्षाअखेरीला नुसतं वरवरचं क्लीनिंग केलेल्यांपेक्षा यांची ०.६ ने कमी होती. आकडा छोटा वाटतो पण शुगरची एक जादा गोळी सुरू केल्यावर काही वेळा एवढाच फरक पडतो, आणि इथे तर दातही वाचतात.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण तुम्ही कुठेतरी वाचालच. २०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ जणांवर मोठा प्रयोग झाला आणि त्यात शुगर अजिबात उतरली नाही. पण त्या लोकांच्या दातांवर उपचारानंतरही थर बराच होता आणि हिरड्यातून रक्त येणं चालूच होतं, म्हणजे हिरड्या नीट बऱ्याच झाल्या नव्हत्या. मला यातून एवढंच दिसतं की खुर्चीवर एकदा बसून उठलं की काम संपलं असं नाही, घरचा ब्रश आणि दर तीन ते चार महिन्यांची तपासणी धरून जे होतं तो उपचार. तुमची ८.१ आहे, ट्रीटमेंट पूर्ण करा, तीन महिन्यांनी रिपोर्ट काढा (त्याआधी काढून उपयोग नाही, तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि ही टेस्ट त्यांच्यावरच चालते) आणि गोळ्यांचं काय ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : वय ३८, मला शुगर वगैरे काही नाही. पण सहा महिन्यात हिरडीला दोनदा पू झाला, वेगवेगळ्या जागी. डेंटिस्ट म्हणाले आधी रक्तातली साखर तपासून या. दाताचा आणि त्याचा काय संबंध, उगाच टेस्ट करायला लावतात असं वाटलं म्हणून केली नाही.

उत्तर : उद्या सकाळी उपाशीपोटी जाऊन करा, आणि बरोबर एचबीए१सी पण. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच सांगितलं जे मी सांगितलं असतं. कमी वयात हिरडीला पुन्हा पुन्हा पू होणं, आणि तोही वेगळ्या जागी, हे लपलेल्या डायबिटीसचं लक्षण असू शकतं आणि कितीतरी लोकांची शुगर पहिल्यांदा दातांच्या खुर्चीवरच कळते. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशभरचा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात भारतात १० कोटींच्या वर लोकांना डायबिटीस आणि आणखी १३ कोटींच्या वर लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज होता. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही होतो, पोट सुटलेलं नाही म्हणजे शुगर नाही असं धरून चालू नका. एचबीए१सी ६.५ किंवा वर आली तर फिजिशियनकडे जा, ५.७ ते ६.४ मध्ये आली तर तेही हलक्यात घेऊ नका. आणि नॉर्मल आली तर छानच, मग पू का होतोय ते डेंटिस्ट शोधतील.

प्रश्न (सातारा जिल्हा) : डॉक्टर ताई, माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत, शुगर आहे. लग्न होऊन आल्यापासून मशेरी लावतात, सकाळी उठल्या उठल्या, दुपारी जेवल्यावर, रात्री झोपताना. आम्ही बोललो तर म्हणतात मशेरीने दात घट्ट राहतात, बघ माझ्या हिरडीतून कधी थेंबभर रक्त आलं नाही. खरंच त्यांना रक्त येत नाही. पण खालच्या दोन दाढा पडल्या आणि आता तिसरी हलतेय. मशेरी सोडली की डोकं धरतं, चिडचिड करतात. काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ बसले. मशेरी म्हणजे तंबाखूच, तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली आणि कुस्करलेली, भाजल्याने तिच्यातलं निकोटीन संपत नाही. बोटाने हिरडीवर चोळतात आणि तशीच तोंडात धरून घरातली कामं करतात, केर काढणं, चूल पेटवणं, पाणी भरणं सगळं. म्हणजे दिवसातला बराच वेळ हिरडीला तंबाखू लागून असते.

रक्त न येण्याबद्दल त्या म्हणतात ते खरंच आहे आणि तेच धोक्याचं आहे. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हिरडी फिक्की आणि घट्ट दिसते, आजार आत चालू असतो पण रक्त येणं ही जी सूचना मिळायला पाहिजे तीच दाबली जाते. सोलापूरच्या काकांना निदान बेसिनमध्ये लाल दिसलं, तुमच्या सासूबाईंना थेट दाढ पडल्यावरच कळलं. वरून शुगर. दोन्ही गोष्टी हिरडीचा रक्तपुरवठा आणि जखम भरणं बिघडवतात, म्हणून दोन्ही एकत्र असलेल्या बाईची दाढ चाळिशी पन्नाशीतच हलायला लागते. डोकं धरतं ते सुद्धा निकोटीनची सवय सुटताना होतंच, पहिले काही दिवस जास्त, मग दोन तीन आठवड्यांत उतरतं.

त्यांना रागावून काही होणार नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं सगळ्यांच्या आधी उठून कामाला लागताना हाच एक विसावा घेतला तिच्या हातातून डबी हिसकावून घेऊ नका. त्यांना बसवून तोंडात बघा, मोबाईलचा टॉर्च लावून, जिथे मशेरी लावतात तिथली हिरडी किती उतरलीय ते आरशात त्यांना स्वतःला दिसू दे. गालाच्या आत किंवा ओठाच्या आत पांढरा, लाल किंवा खरबरीत चट्टा आहे का बघा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल किंवा तोंड आधीपेक्षा कमी उघडत असेल तर थांबू नका, ते कॅन्सरच्या दृष्टीने दाखवावंच लागतं. मग सोडायचं असं करा, आधी रात्रीची बंद, तिच्या जागी मऊ ब्रश आणि साधी फ्लोराइडची पेस्ट, मग दुपारची, जेवल्यावर बडीशेप किंवा लवंग हातात ठेवा, सकाळची सगळ्यात शेवटी. तंबाखू सोडवण्यासाठी सरकारची फुकट हेल्पलाइन आहे १८००-११-२३५६, त्यावर तुम्हीही फोन करून विचारू शकता. आणि बाजारात दात घासायचं म्हणून कोणी तंबाखूची पावडर देत असेल तर घेऊ नका, पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, मशेरी सोडल्यावर काही दिवसांनी हिरडीतून रक्त यायला लागेल, तेव्हा त्या म्हणतील बघा सोडली म्हणून झालं. ते हिरडीत रक्तपुरवठा परत सुरू झाल्याचं लक्षण आहे, क्लीनिंग केलं की थांबतं.

प्रश्न (नागपूर) : मला शुगर आणि बीपी दोन्ही. बीपीची गोळी अम्लोडिपिन दोन वर्षांपासून. हिरड्या दातावर चढल्यासारख्या फुगल्यात, दुखत नाही. शुगरमुळे का?

उत्तर : थोडं शुगर, थोडा थर, पण मला जास्त शंका गोळीची आहे. अम्लोडिपिन आणि त्याच गटातल्या काही गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या वाढतात, फिटच्या फेनिटॉइननेही होतं. गोळी स्वतःहून थांबवू नका, बीपी अचानक वाढेल. दातांच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या आणि फिजिशियनला विचारा बदलता येईल का, बऱ्याचदा येते. थर रोज निघत राहिला तर सूज बरीचशी तशीच उतरते. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्यांनाही हेच सांगणं, क्लीनिंगसाठी मनाने बंद करू नका, फक्त डॉक्टरला आधी सांगा.

प्रश्न (जळगाव) : वडिलांची दाढ काढायची आहे, सुजलीय. डेंटिस्टकडे गेलो तर शुगर २६० निघाली, म्हणाले शुगर कमी करून या. पंधरा दिवस झाले शुगर कमी होत नाहीये आणि सूज पण तशीच. दुसरं, मागे एकदा ते उपाशी गेले होते आणि खुर्चीवरच घाम फुटून चक्कर आली होती.

उत्तर : दादा, यात एक अडचण आहे ती सोडवायला पाहिजे. जंतुसंसर्ग चालू असला की शरीराची साखर वाढलेलीच राहते, म्हणजे शुगर उतरायची वाट बघत पू तसाच ठेवला तर शुगर उतरणारच नाही. न घाईच्या कामासाठी, समजा इम्प्लांट (जबड्यात कृत्रिम दात बसवणं), शुगर आधी खाली आणा हे बरोबर. पण सूज आणि पू असेल तर तो आधी बाहेर काढावा लागतो, अँटिबायोटिक लागेल, आणि फिजिशियन त्याचवेळी शुगर सांभाळतील, गरज पडली तर थोडे दिवस इन्सुलिन देतील. दोघांना एकमेकांचा नंबर द्या. तिथे गावात जमत नसेल तर मोठ्या हॉस्पिटलच्या दंतविभागात घेऊन जा.

आणि हे लक्षात ठेवा, सूज जबड्याखाली किंवा मानेकडे उतरली, गिळायला त्रास व्हायला लागला, तोंड उघडेना, ताप आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी हॉस्पिटल. तसंच वरच्या जबड्याचे दात एकाएकी हलायला लागले, गाल बधिर झाला, नाक एका बाजूने बंद किंवा टाळूला काळसर डाग, तरीही. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) आपल्याकडे किती लोकांचे जबडे, डोळे गेले ते आपण बघितलंय, आणि त्यातल्या बहुतेकांना डायबिटीस होता.

चक्कर आली त्याचं कारण उपाशी जाणं. दाढ काढायला उपाशी जायचं नसतं (पूर्ण भूल देणार असतील तर गोष्ट वेगळी, ते तसं आधी सांगतात). सकाळची वेळ घ्या, पोहे उपमा जे रोज खातात ते खाऊन आणि रोजची गोळी घेऊन. ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकवलं की साखर झपकन खाली जाते, घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं. तेव्हा तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका आणि सरळ दवाखाना. दाढ काढल्यावर खाता येणार नाही म्हणून पेज, पातळ खिचडी, ताक आधीच करून ठेवा, म्हणजे दुपारचं जेवण चुकणार नाही.

प्रश्न (मडगाव) : आईचं वय ७२, शुगर पंधरा वर्षं. वर कवळी आहे, खाली थोडे दात. तोंड सारखं कोरडं, आग होते, कवळीखाली लाल झालंय आणि जिभेवर पांढरं येतं. भाकरी, सॅलड, मोड आलेलं कडधान्य सगळं सोडलंय, पेज, ब्रेड आणि चहा बिस्किटावर आहे आणि शुगर वाढतेच आहे.

उत्तर : त्या आयसीएमआरच्या अभ्यासात सगळ्या राज्यांत डायबिटीसचं प्रमाण गोव्यातच सगळ्यात जास्त निघालं, २६.४ टक्के, त्यामुळे तुमच्याकडे असे आजी आजोबा घरोघरी असणार. कवळीखालचं लाल आणि जिभेवरचं पांढरं ही बहुतेक बुरशी आहे, कँडिडा. कोरडं तोंड, वाढलेली साखर आणि रात्रंदिवस घातलेली कवळी, तिघांनी मिळून ती वाढते. कवळी रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवायची, रोज ब्रशने घासायची (पेस्टने नाही, साध्या साबणाने), आणि डॉक्टर बुरशीचं औषध देतील ते तोंडालाही आणि कवळीलाही. कोरडेपणासाठी घोट घोट पाणी, चहा कमी, आणि त्यांच्या बाकी गोळ्यांमुळे तोंड कोरडं पडतंय का ते विचारून घ्या. लाळ कमी झाली की दात मुळाशी किडतात म्हणून खालच्या दातांना फ्लोराइडची पेस्ट रोज, आणि रात्री घासल्यावर खळखळून चूळ भरायची नाही, नुसतं थुंकायचं.

खाण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे, याकडे कोणी बघतच नाही. चावता येत नाही म्हणून माणूस मऊ खातो, आणि आपल्याकडे मऊ म्हणजे पेज, भात, ब्रेड, बिस्किट, सगळी पटकन साखर वाढवणारी. कवळी नीट बसवून घ्या, आणि तोपर्यंत मूग शिजवून घोटून, भाज्या वाफवून बारीक करून, अंडं, दही, आणि मासे खात असतील तर काटे काढलेला कालवणातला मासा असं द्या. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून चालेल.

प्रश्न (डोंबिवली) : हिरड्यांची ट्रीटमेंट प्रायव्हेटमध्ये परवडणारी नाही. घरी मीठ हळद, तेलाच्या गुळण्या, माउथवॉश यावर भागेल का?

उत्तर : कोमट मिठाच्या पाण्याने सूज थोडी शांत वाटते, तेलाच्या गुळण्यांनी तोटा नाही, पण हिरडीच्या आतलं कीटण यातल्या कशानेच निघत नाही. कोळसा, राखुंडी, जाडसर लाल मंजन मात्र नको, त्याने उघडं पडलेलं मूळ झिजतं. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितलाय तेवढेच दिवस, साधारण दोन आठवडे, जास्त वापरला तर दात तपकिरी होतात आणि चव जाते, आणि पेस्ट लावल्यावर लगेच नको, अर्धा तास जाऊ द्या.

परवडण्याचं म्हणाल तर सरकारी डेंटल कॉलेज हा खूप चांगला रस्ता आहे आणि लोक विनाकारण टाळतात. तुम्हाला लोकलने जवळ म्हणजे सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, नाहीतर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज. तिथे पेरिओडॉन्टोलॉजी असा वेगळा विभाग असतो, केसपेपर काढताना तेच नाव सांगा. काम शिकणारे डॉक्टर करतात पण वर तज्ज्ञ बसलेले असतात, फी खाजगीच्या मानाने फार कमी. गर्दी असते म्हणून सकाळी लवकर जा, नाश्ता करून, गोळी घेऊन, पिशवीत पाणी आणि थोडं खाणं ठेवून, कारण नंबर यायला दुपार होऊ शकते. आणि पहिल्या दिवशी नुसती तपासणी आणि एक्स-रे होऊन पुढची तारीख मिळाली तर परत जायचं सोडू नका.